सासरे, संशय आणि बिबवेवाडीचा उच्छ्वास

सूर्य पूर्वेला उगवतो हे आमच्या सासऱ्यांना मान्य होतं, पण ते शाळेत शिकवलं म्हणून नव्हे. तरुणपणी सलग आठवडाभर पहाटे पर्वती चढून त्यांनी स्वतः खात्री करून घेतली होती, म्हणून. "पण त्यासाठी आठवडा कशाला?" असं मी एकदा न राहवून विचारलं. "एखाद्या दिवशी चुकूनही उगवू शकतो," ते म्हणाले आणि पुन्हा वर्तमानपत्रात डोकं घातलं. वर्तमानपत्र ते लाल पेन्सिल हातात धरूनच वाचत. घरात दूध आलं की आधी त्यात बोट बुडवून बघत, घड्याळ दाखवतं ती वेळ रेडिओशी ताडून बघत, आणि रेडिओची वेळ समोरच्या देवळातल्या आरतीशी. आरती करणारा गुरव मात्र वेळ विचारायला यांच्याकडेच येई. त्यामुळे नारायण पेठेच्या त्या गल्लीत नक्की किती वाजलेत, हे कोणालाच कळत नसे.

संशय हा त्यांचा स्वभाव होता की धंदा, हे सांगणं अवघड आहे. तीस वर्षं ते पेठेतल्याच एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. म्हणजे छापायच्या मजकुरातल्या चुका हुडकणं हेच काम. तीस वर्षं रोज आठ तास चुका शोधणाऱ्या माणसाला पुढेपुढे बरोबर गोष्टी दिसेनाशा होत असाव्यात. घरी आलेल्या लग्नपत्रिका ते तपासत. त्यांच्या एका मावसभावाच्या मुलाच्या लग्नात अक्षता पडल्यावर हे वधूवरांना आशीर्वाद देऊन वरपित्यापाशी गेले, लाल खुणांनी भरलेली पत्रिका त्याच्या हातात ठेवली आणि अतिशय आपुलकीने म्हणाले, "राहू दे जवळ. पुढच्या वेळी उपयोगी पडेल." नवरीने ते ऐकलं होतं. सासूबाई सांगतात, त्या घराशी पुन्हा येणंजाणं सुरू व्हायला एक मुंज आणि दोन बारशी जावी लागली.

मग छापखान्यात संगणक आले. मालकाच्या मुलाला कोणीतरी सांगितलं की आता चुका यंत्रच शोधतं. यांना शाल, नारळ आणि एक मानपत्र देऊन घरी पाठवलं. मानपत्रात तीन चुका होत्या. त्यांनी त्या तिथेच व्यासपीठावर दुरुस्त केल्या, नवीन प्रत मागितली, ती आली नाही. आणि या प्रकाराला वर्षही झालं नव्हतं तेव्हा मी त्यांच्या मुलीला बघायला गेलो. मी संगणकवाला! त्यातून मूळचा अमरावतीकडचा, पुण्यात येऊन जेमतेम दोन वर्षं झालेला. नव्या सहस्रकाचं वर्ष संगणकांना झेपणार की नाही, या काळजीवर तेव्हा आम्हा कित्येकांची पोटं भरत होती.

"आपली कंपनी नेमकं काय बनवते?" त्यांनी विचारलं.

"सॉफ्टवेअर."

"दाखवा."

"ते असं हातात घेऊन दाखवता येत नाही."

"असं." त्यांनी समोरच्या माझ्या माहितीपत्रकावर पेन्सिलीने एक बारीक प्रश्नचिन्ह काढलं. "म्हणजे न दिसणाऱ्या वस्तूंचा कारखाना. आणि माल जातो कुठे?"

"अमेरिकेत."

"तेही दिसत नाही इथून," ते सासूबाईंना म्हणाले.

पोहे मात्र त्यांनी आग्रह करकरून वाढले. मला वाटलं, जमलं. जमलं नव्हतं. त्यांनी आमच्या गावच्या पोस्टमास्तरांना पत्र टाकलं होतं की अमुक नावाचा इसम आपल्या गावचा असल्याचं सांगतो, तरी त्याच्या अस्तित्वाविषयी खुलासा व्हावा. पोस्टमास्तर आमच्या वडिलांचे मित्र, पण सरळ माणूस. त्यांचं कार्ड आलं: "सदर इसम अस्तित्वात आहे. स्वभावाने बरा. लहानपणी विहिरीत पडला होता, काढला." सासऱ्यांनी ते कार्ड दोनदा वाचलं आणि मुलीला, म्हणजे मेधाला, म्हणाले, "यात एकही चूक नाही. होकार कळवून टाकू." आमचं लग्न असं एका पोस्टकार्डावर जुळलेलं आहे.

निवृत्तीनंतर त्यांनी तपासायला आख्खं पुणं घेतलं होतं. शहरात जिथे जिथे काही लिहिलंय किंवा कोणी काही सांगतंय, तिथे तिथे ते खरं आहे का, हे बघायचं. दर रविवारी सकाळी खांद्याला शबनम लावून निघत. आत पोलादी टेप, बॅटरी, दगडावरची धूळ झाडायला दाढीचा जुना ब्रश, पाण्याची बाटली आणि शाळेची दोनशेपानी वही. वहीच्या प्रत्येक पानावर उभी रेघ. डावीकडे ‘दावा’, उजवीकडे ‘पुरावा’. डावी बाजू गच्च भरलेली असे, उजवीकडे पांढरं शुभ्र मैदान. "ऐतिहासिक म्हणजे काय?" ते विचारत. "ज्याची तारीख कोणालाच माहीत नाही ते." कोणत्याही देवळाच्या पुजाऱ्याने "हे फार प्राचीन आहे हो" म्हटलं की हे वही उघडून "फार म्हणजे किती?" असं इतक्या सौम्यपणे विचारत, की पुजाऱ्याला घंटा वाजवण्यावाचून मार्ग नसे.

आणि यात घरचंही कोणी सुटत नव्हतं. त्यांच्या थोरल्या भावाकडे भिंतीवर एक तलवार होती. पूर्वजाने लढाईत गाजवलेली. दसऱ्याला सगळं कुटुंब जमून तिची पूजा करी. एका दसऱ्याला यांनी हळदकुंकू वाहता वाहता मुठीवरचा थर नखाने खरवडला, ब्रश फिरवला, भिंग लावलं आणि सर्वांदेखत जाहीर केलं की तलवार एका बुडालेल्या नाटक मंडळीच्या सामानातली आहे. मुठीखाली तसा शिक्काही आहे. भाऊ दोन वर्षं बोलले नाहीत. "पूजा बंद केली का मग?" मी विचारलं. "छे. चालू आहे. मला बोलावत नाहीत एवढंच."

माणसांवर संशय घेत हिंडणाऱ्या माणसाकडे माणसंही संशयानेच बघत. कुठल्या तरी भिंतीला नाक लावून उभा असलेला, टेपने पायऱ्या मोजणारा, वहीत काहीतरी टिपून घेणारा हा काळी टोपीवाला गृहस्थ कोण असावा? कोणी त्यांना बिल्डरचा माणूस समजे, कोणी वारसाहक्काच्या खटल्यातला, आणि एका बँकेबाहेर तर हवालदाराने शबनम उघडायला लावून बॅटरीकडे बराच वेळ पाहिलं. पण खरी गंमत बुधवार पेठेत झाली. तिथल्या रेडिओ, टेपरेकॉर्डरच्या सुट्या भागांच्या एका दुकानाच्या पायरीला एक कोरीव दगड बसवलेला आहे, अशी त्यांना बातमी लागली होती. मी सोबत होतो. त्यांनी टेप काढली, पायरीची लांबी घेतली, मला आकडे मोठ्याने सांगून लिहायला लावले. दुकानदार गल्ल्यावरून उठून उभा राहिला. शेजारचा बाहेर डोकावला. "महापालिका!" एवढा एकच शब्द कुठून तरी आला, आणि पुढच्या पाच मिनिटांत त्या गल्लीत पदपथावर आलेले सगळे स्टँड, खोकी, टेबलं, लोंबणाऱ्या वायरींची भेंडोळी आत गडप झाली. चालायला रस्ता मोकळा झाला. सासरे वर बघत राहिले. "जावईबापू, ही भिंत मी तीस वर्षांत पहिल्यांदा बघतोय," ते म्हणाले. एका दुकानदाराने दोन चहा मागवले आणि "साहेब, पुढच्या खेपेला आधी निरोप देत जा" अशी विनंती केली. सासऱ्यांनी चहाचा वास घेतला, हा का पाजतोय असा विचार केला आणि घेतला नाही. मी घेतला. मी वऱ्हाडातला; आम्हाला चहाचा संशय येत नाही.

सुरुवातीला मी नव्या जावयाची भीड म्हणून जात होतो. आठवडाभर डोळे पडद्यात घालून बसल्यावर रविवारी उन्हात दगड बघत हिंडायची हौस कोणाला असेल? पण हळूहळू गोडी लागली. घोडा बांधायची कडी, भिंतीत अर्धा बुजलेला कोनाडा, वाहनांच्या धुरात काळा पडलेला एखादा हौद, ज्याच्यावर लोक निवांत शर्ट वाळत घालतात. असं काय काय ते दाखवत. एकदा मी विचारलं की पुण्यात इतके जाणते लोक असताना तुम्ही मलाच बरोबर का घेता? ते म्हणाले, "तुम्हाला या गावाचा अभिमान नाही. अभिमान असलेल्या माणसाला डोळ्यांनी दिसत नाही." या शहराने बाहेरच्या माणसाला दिलेलं एवढं मोठं प्रशस्तिपत्र मी दुसरं ऐकलेलं नाही.

पुढे आम्ही बिबवेवाडीत फ्लॅट घेतला. इमारतीच्या मागे, वाहनं लावायच्या जागेच्या एका कोपऱ्यात, पुरुषभर उंचीचा एक चौकोनी दगडी मनोरा होता. वर फरशी, खाली एक भोक, आणि भोकाच्या तोंडाशी कमळाचं फूल कोरलेला सुरेख दगड. बिल्डरला तो पाडायला सवड झाली नसावी. लोक त्यावर जुनी टायरं ठेवत. त्या दोन-चार वर्षांत सोसायटीत घरटी मोटार आली, काही घरी दोन, आणि आमच्या सेक्रेटरींनी ठरवलं की हा ठोकळा पाडला तर दोन गाड्यांची सोय होते.

तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या एका उत्साही तरुणाने, तोही माझ्यासारखाच संगणकवाला, इंटरनेटवरून एक शोध लावला. कात्रजच्या तलावातून जुन्या पुण्यात पाणी आणणारा जमिनीखालचा नळ पेशव्यांच्या काळात बांधला होता, आणि त्यात हवा खेळावी म्हणून वाटेत दगडी मनोरे उभारले होते. त्यांना उच्छ्वास म्हणतात. इथवर सगळं खरं होतं. पुढे त्याने आमच्या ठोकळ्याचा फोटो त्या उच्छ्वासाच्या फोटोशेजारी ठेवला आणि सोसायटीच्या सभेत भिंतीवर चित्रं पाडून दाखवली. सभा हेलावली. ज्यांनी काल टायरं ठेवली होती त्यांनी ती उचलली. कोणीतरी कमळाला हळदकुंकू लावलं. ‘पेशवेकालीन उच्छ्वास’ अशी संगमरवरी पाटी लावायची ठरली, ध्वनिक्षेपक ठरला, वार्ताहर ठरला. आणि पाहुणा कोण, असा प्रश्न आला तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "माझे सासरे या विषयातले जाणकार आहेत."

मी त्यांना आमंत्रण द्यायला गेलो तेव्हा त्यांनी ते पेन्सिल न घेता वाचलं. पत्रिकेत चूकही काढली नाही. आयुष्यभर लोकांच्या पाट्या खोट्या ठरवणाऱ्या माणसाला आजवर पाटीच्या अनावरणाला कोणी बोलावलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सासूबाईंचा फोन आला. "अगं, कोट इस्त्रीला दिलाय," त्या मेधाला कुजबुजत सांगत होत्या, "आणि सकाळपासून दोनदा आरशात बघितलं."

पण स्वभावाला औषध नसतं. पुढचे तीन रविवार ते बिबवेवाडीला आले. पहिल्या रविवारी मनोऱ्याभोवती फिरले, ब्रश मारला, सांधा नखाने खरवडला आणि बोटांत चुरून मला दाखवला. "सिमेंट."

"नंतर डागडुजी केली असेल," मी म्हणालो.

"असेल. पण नळ इथून जातच नाही, तो तिकडून पद्मावतीच्या बाजूने जातो. पाणी उताराने वाहतं जावईबापू. सोसायटीच्या ठरावाने वळत नाही."

दुसऱ्या रविवारी त्यांनी जुन्या वस्तीत चौकशी सुरू केली. पिठाची गिरणी, न्हावी, दूधवाला. न्हाव्याने सांगितलं की ती जमीन ज्यांची होती त्यांच्यापैकी एक म्हातारी, गजराबाई, अजून आहे. आमच्या इमारतीच्या मागच्या भिंतीला लागूनच दोन पत्र्याच्या खोल्या होत्या; मी रोज गॅलरीतून तिथे वाळत घातलेली लुगडी बघत होतो, पण तिथे कोण राहतं हे मला चार वर्षांत ठाऊक नव्हतं. तिसऱ्या रविवारी आम्ही तिथे गेलो.

गजराबाई दारात बसून शेंगा फोडत होत्या. सत्तरीच्या पुढच्या, बारीक, ताठ. सासऱ्यांनी टोपी सारखी केली आणि त्या मनोऱ्याविषयी विचारलं.

"त्यो व्हय?" त्या म्हणाल्या. "त्यो आम्ही बांधलाय. म्या आन् आमच्या धन्यानं."

सासऱ्यांनी वही उघडली. "कधी?"

"भात्तरच्या दुस्काळात. आमच्या हिरीला तेवढं पाणी व्हतं. साऱ्या वस्तीच्या बाया यायच्या. हिरीत उतरताना एक पोटुशी बाई घसरली. तवा धनी म्हनले, वर टाकी बांधू. आम्ही दोगांनी भर उनात बांधली. पाटंपासनं मी पाणी शेंदून टाकी भरायची, बाया खालच्या भोकातनं घागरी भरून न्यायच्या. येकीला बी हिरीत उतरू दिलं न्हाई परत."

"आणि ते कमळ?"

त्या हसल्या. पदर तोंडाला लावला. "त्यो दगड वढ्यात घावला व्हता. मला आवडला, म्हनून त्येंनी म्होरं लावला."

"यजमानांचं नाव काय?" सासऱ्यांनी पेन्सिल टेकवली. म्हातारी गप्प. नवऱ्याचं नाव घेणाऱ्यातली ती पिढी नव्हे. शेवटी आत जाऊन तिने रेशनकार्ड आणलं, उघडून यांच्यापुढे धरलं आणि स्वतः दुसरीकडे बघत उभी राहिली. ज्ञानू मारुती, असं नाव होतं. ती विहीर इमारतीखाली गेली होती, धनी जाऊन वीस वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. जमीन भावकीने विकली, दोन खोल्या हिला राहिल्या.

रस्त्यावर आल्यावर मी विचारलं, "पुरावा?" मला वाटलं, आता तलाठ्याकडे जायचं म्हणतील.

"त्या बाईंना खोटं बोलून काय मिळणार आहे?" ते म्हणाले. वही मिटलेलीच होती. मी त्यांना पाहिल्यापासून ही पहिलीच गोष्ट, जी त्यांनी नुसती ऐकून खरी मानली.

मला मात्र वेगळीच चिंता लागली. मी म्हणालो, "बाबा, समारंभ आठ दिवसांवर आला आहे. आता हे कशाला उकरायचं? पेशव्यांची म्हणून ती टाकी राहील तरी. खरं कळलं तर सेक्रेटरी तिसऱ्या दिवशी पाडतील." त्यांनी ऐकलं. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. मेधानेही फोनवर त्यांना तेच सांगितलं. मला वाटलं, या वेळी तरी गप्प बसतील. गप्प बसण्यात त्या म्हातारीचंच भलं होतं ना!

समारंभाला दीडशे खुर्च्या. कमळाला झेंडूचा हार, पाटीवर मखमली पडदा. सासरे इस्त्रीच्या कोटात आले होते आणि इतके रुबाबदार दिसत होते की मेधाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिसऱ्या मजल्यावरच्या तरुणाने त्यांची ओळख ‘ज्येष्ठ इतिहास संशोधक’ अशी करून दिली. तेही त्यांनी दुरुस्त केलं. "मी मुद्रितशोधक आहे," ते ध्वनिक्षेपकावर म्हणाले. "मी चुका शोधतो. या पाटीवर चूक आहे. ही वास्तू पेशवेकालीन नाही, आणि हा उच्छ्वास नाही. ही पाण्याची टाकी आहे. बहात्तरच्या दुष्काळात ज्ञानू मारुती या शेतकऱ्याने आणि त्यांच्या पत्नी गजराबाई यांनी ती वस्तीतल्या बायकांसाठी स्वतःच्या हातांनी बांधली." ध्वनिक्षेपक खरखरला. त्यांनी एक क्षण थांबून, मानेच्या शिरा ताणून, आणखी मोठ्याने म्हटलं, "ज्ञानू मारुती." मग एवढंच म्हणाले, की पेशव्यांसाठी बोलणारे पुष्कळ आहेत, पेशव्यांनी यात वाटेकरी व्हायची गरज नाही. पडद्याला हात न लावता ते खाली उतरले.

टाळ्या कोण वाजवणार? दुसऱ्या रांगेतून कोणीतरी "सेक्रेटरींनी फितवलाय म्हाताऱ्याला" असं बोललं, ते मला ऐकू आलं. वार्ताहर भजी खाऊन गेला. तिसऱ्या मजल्यावरचा तरुण रडवेला होऊन म्हणाला, "काका, एवढं खरं बोलायची काय गरज होती?" सासरे म्हणाले, "थोडं खरं कसं बोलतात, ते मला येत नाही." सेक्रेटरी तेवढे खूश होते. त्यांनी यांना सोडायला गाडी देऊ केली. हे रिक्षाने गेले, आणि वाटेत मीटर बरोबर पळतोय का ते बघायलाही विसरले, असं सासूबाई म्हणाल्या.

महिनाभरात टाकी पाडली. यंत्र आणलं होतं, दीड तासात खेळ आटोपला. सासरे आले होते. कुंपणाशी हात मागे बांधून उभे राहिले. त्यांनी सेक्रेटरींकडून फक्त तो कमळाचा दगड मागून घेतला. मी तो स्कूटरवर पायांत ठेवून मागच्या गल्लीतून गजराबाईंकडे पोचवला. त्यांनी तो मोरीपाशी ठेवून त्यावर पाण्याचा हंडा ठेवला.

परत आल्यावर मला राहवलं नाही. इतक्या वर्षांत मी त्यांना उलट बोललो नव्हतो. त्या दिवशी बोललो. म्हणालो, "बाबा, तुमची पाटी बरोबर झाली. पण त्या बाईंची एकुलती एक आठवण गेली. एका चुकीपायी तुम्ही काय मोडलंत, ते बघितलंत ना?" ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता दोन कडक पुणेरी वाक्यं येतील. आली नाहीत. "हं," एवढंच म्हणाले आणि पायांत चपला सरकवल्या.

त्यानंतर आमच्यात भांडण असं नव्हतं. पण रविवारी ते मला बोलवायला येईनासे झाले. मलाही कामाचा रेटा होता, अमेरिकेच्या घड्याळावर जगत होतो. ते मात्र दर रविवारी बिबवेवाडीला येत. आमच्याकडे चहाला थांबत, नातीच्या, म्हणजे आमच्या मुलीच्या, वहीतल्या शाळेच्या बाईंच्या चुका काढून तिला हसवत आणि मग मागच्या गल्लीत जात. गॅलरीतून दिसे. दारातल्या पोत्यावर ते बसलेले असत, समोर गजराबाई काहीतरी निवडत बोलत असत. हे ऐकत. शबनम, टेप काही जवळ नसे. त्या वस्तीत कुठे मळा होता, कुठून ओढा यायचा, कुठल्या आंब्याखाली कोण बसायचं, हे सगळं ते येऊन नातीला सांगत. मी एकदा "तपासून पाहिलंत का?" असं चेष्टेने विचारलं. "आता काय राहिलंय तपासायला तिथे?" ते म्हणाले. चेष्टा माझ्या अंगावर आली.

ते गेले तेव्हा फार त्रास झाला नाही. दोन आठवड्यांचं आजारपण. इस्पितळात डॉक्टरांनी दिलेल्या कागदावर त्यांचं वय एकाने जास्त पडलं होतं, ते त्यांनी खुणेने दाखवून दुरुस्त करून घेतलं. नातेवाईक पुष्कळ आले. तलवारवाले थोरले भाऊही आले आणि बराच वेळ उशाशी बसून राहिले.

दिवसकार्य उरकल्यावर एका रविवारी मला आठवलं की गजराबाईंना कोणी कळवलेलंच नाही. मी मागच्या गल्लीत गेलो. त्यांनी मला बघितलं आणि माझ्या मागे रस्त्यावर बघितलं.

"गेले न्हवं?" त्या म्हणाल्या. "तीन आइतवार आले न्हाईत, तवाच वळाखलं म्या."

मी पोत्यावर बसलो. टाकीचं मनात सलत होतं. सासऱ्यांच्या वतीने माफी मागावी म्हणून मी म्हणालो, "आजी, त्या दिवशी त्यांनी तसं बोलायला नको होतं. स्वभावच तसा होता त्यांचा. तुमची टाकी राहिली असती."

त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं. "तुमाला सांगितलं न्हाई त्येंनी?"

"काय?"

"आदल्या दिशी आले व्हते की हितं. येकलेच. हितंच बसले. म्हनले, बाई, खरं सांगितलं तर पाडत्याल. गप बसलो तर ऱ्हाईल, पर दुसऱ्याच्या नावानं ऱ्हाईल. तुमी सांगाल तसं करतो." त्यांनी सूप बाजूला सारलं. "म्या म्हनलं, पाडू द्या. दगडाचं काय हाय? पर नाव घ्या. कर्ण्यावर घ्या, माझ्या दारात आलं पायजे. मला घेता यीना कंदी, आन् लेकरू न्हाई आमाला. त्येंचं नाव कोन घ्यावं?"

कोणावर विश्वास न ठेवणारा तो माणूस त्या दिवशी या दारात विचारायला आला होता. आणि मी नको ते बोललो तेव्हा ‘हं’ म्हणून चपला घालून निघून गेला होता.

"ऐकू आलं होतं का, आजी, इथपर्यंत?"

"आलं की," त्या म्हणाल्या. पदराने डोळे पुसले, आणि एकदम लाजल्यासारख्या हसल्या. "येकदाच घ्यायचं ठरलं व्हतं. त्येंनी दोनदा घेतलं."